बाबांच्या वहीतला सूर्यास्त

आई गेली त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. ऐन थंडीत गेली. तेव्हापासून दिवस लहान व्हायला लागले की माझ्या पोटात आधीच खड्डा पडतो. कातरवेळेला घर खायला उठतं म्हणतात, ते मला त्या पहिल्या हिवाळ्यात कळलं.

यंदा ओळखीतल्या तीन-चार घरांतून माणूस गेलंय, म्हणून हे लिहितेय. अशा वेळी आपण 'सावर आता', 'काळ हेच औषध' असं म्हणतो. मायेनेच म्हणतो. पण मला या वाक्यांनी एकदाही बरं वाटलं नाही. मला तगवलं ते रोज ठरल्या वेळी करायच्या अगदी बारीक गोष्टींनी.

बाबा मुळातच अबोल. आई गेल्यावर पंधराएक दिवसांनी त्यांनी तिची हिशोबाची वही काढली. पुढची पानं तिच्या अक्षरातली, शेवटची बेरीज अर्धवट राहिलेली. त्या पानांना हात न लावता बाबांनी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून रोज सूर्यास्ताची वेळ लिहायला लागले. खिडकीत उभं राहायचं, समोरच्या गच्चीआड सूर्य गेला की घड्याळ बघायचं, लिहायचं. बाकी एक शब्द नाही. मी घाबरले. भावाला फोन केला, बाबांचं काहीतरी बिनसलंय म्हटलं. तो म्हणाला, "ताई, लिहू दे त्यांना. ती वेळ कशी काढायची हे त्यांचं त्यांनी शोधलंय."

त्याला ते लवकर उमगलं याला कारण आहे. तो खूप उत्तरेला राहतो, डिसेंबरात तिथे जेमतेम सात तास उजेड. काही वर्षांपूर्वी त्याला हिवाळ्यात उठवेनासं झालं, सारखी झोप यायची, कशातच मन लागेना. डॉक्टरांनी सांगितलं, हे ऋतूनुसार येणारं नैराश्य आहे. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ते पहिल्यांदा नीट मांडलं. सकाळचा उजेड कमी पडला की शरीराचं घड्याळ मागे पडतं, असं त्यामागचं एक कारण मानतात. तेव्हापासून तो डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). घरातला नेहमीचा उजेड काही शे लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट मिळतो. हे कळल्यापासून मीही उठल्यावर आधी बाहेर चक्कर मारून येते. रडू येत असलं तर रडत रडत, पण जाते.

दुःखाच्या पाच पायऱ्यांबद्दल (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तुम्ही ऐकलं असेल. मला त्यांचा त्रासच झाला. आपण एका पायरीवर अडकलोय, आपलंच काही चुकतंय, असं वाटायचं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. माझ्या अनुभवाला जास्त जवळचं वाटलं ते श्ट्रोबे आणि शुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये सांगितलेलं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात ये-जा करत राहतो. काल खळखळून हसले आणि आज तिचा स्वेटर हातात घेऊन बसले, यात काही बिघडलेलं नाही. (महिनोन्महिने रोजचं काहीच जमत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.)

आता देवाबद्दल. पहिलं वर्षभर मी त्याच्यावर रागावले होते, समोर बसलेच नाही. मग एकदा आईची जपमाळ हाताला लागली. एक मणी तुटला होता, त्याच्या जागी तिने बारकं पांढरं बटण ओवलंय. जप करायचा म्हणून नाही, त्या बटणाला हात लावायचा म्हणून मी माळ ओढायला लागले. दर फेरीला बोट तिथे पोचतं आणि थांबतं. पुढे वाचलं की 2001 मध्ये इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 जणांवर एक अभ्यास केला होता. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो की मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाचा ताल त्याच्याशी जुळतो. वाचून बरं वाटलं. पण नाव घेणं म्हणजे नुसता श्वासाचा व्यायाम, असं मी म्हणणार नाही. मी त्याच्याशी बोलते, आणि तो ऐकतो असं मला मनापासून वाटतं.

गेल्या डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, मी बाबांकडे होते. आता उद्यापासून संध्याकाळ लांबेल, असं काहीतरी मी म्हणाले. बाबांनी वही पुढे केली. "अगं, हे बघ. दिवस आज सगळ्यात लहान, पण सूर्य केव्हापासूनच उशिरा मावळायला लागलाय." खरंच होतं. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबगोल, म्हणून सगळ्यात लवकरचा सूर्यास्त सगळ्यात लहान दिवसाच्या आधीच होऊन गेलेला असतो. उशिरा होत राहते ती सकाळ, जानेवारीपर्यंत. मी मागची पानं चाळली. एकही दिवस सुटला नव्हता.

आता ते रोज संध्याकाळी मला फोन करून वेळ सांगतात. कालही केला. म्हणाले, "आज कालच्याइतकंच." मी "बरं" म्हटलं. मग दोघंही काही बोललो नाही, आणि बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही.