जॉयकॉनची स्टिक धुळीने नाही, घासून मरते

सांगलीतल्या गेम खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या गेम कन्सोलला दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या जॉयकॉन कंट्रोलरना ड्रिफ्ट येतो (म्हणजे हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागते) तो धुळीमुळे आणि मुलांच्या धसमुसळेपणामुळे. क्लीनर स्प्रे मारा. नाही थांबलं तर ओरिजिनल जॉयकॉनच घ्या, तेच टिकतात. हॉल इफेक्ट स्टिक (चुंबकावर चालणारी) म्हणजे विकणाऱ्यांचं नवं खूळ. त्यात दम असता तर कंपनीनेच वापरली असती.

हा मेसेज वाचून वहिनीने माझ्या पुतणीला रागावून तिचा कन्सोल कपाटात ठेवला. बोट न लावता पडद्यावरचं पात्र आपोआप डावीकडे चालायला लागलं, यात त्या पोरीची काहीही चूक नव्हती. म्हणून हे लिहितोय.

धुळीपासून सुरुवात करू. सांगलीत धूळ आहे हे कोण नाकारेल? गाळप हंगामात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्याची काजळी पडते. पण जॉयकॉनच्या स्टिकखाली आत काय असतं ते बघा. कार्बनचा पातळ थर दिलेल्या पट्ट्या आणि त्यांवरून सरकणारे धातूचे बारीक पाय. जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची, आठवतं? त्या बटणाच्या आत आणि या स्टिकच्या आत तत्त्व एकच, पोटेन्शिओमीटर. पाय कुठे टेकलाय त्यावरून विजेचा दाब बदलतो आणि कन्सोलला दिशा कळते. प्रत्येक हालचालीला पाय पट्टीवर घासतो, कार्बन झिजतो आणि त्याचा भुगा तिथेच साठतो. म्हणजे आत सापडणारी 'धूळ' बऱ्याचदा त्या पट्टीचीच असते. स्प्रेने भुगा सरकतो, काही दिवस बरं वाटतं. झिजलेला कार्बन मात्र परत येत नाही. आत पुठ्ठ्याचा तुकडा घालण्याच्या युक्तीचंही तेच. त्याने पाय पट्टीवर घट्ट दाबला जातो, संपर्क सुधारतो, पण घासणं सुरूच राहतं. स्प्रे एकदा मारून बघायला हरकत नाही, कधी खरंच बाहेरचा कचरा असतो. महिन्याभरात ड्रिफ्ट परत आला तर झीज समजा आणि बाटलीवर आणखी पैसे घालू नका.

मुलांच्या धसमुसळेपणाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. स्विच 2017 मध्ये आला. 2020 च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जॉयकॉनच्या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली. 2023 मध्ये युरोपात कंपनीने वॉरंटी संपलेल्या आणि वापराने झिजलेल्या स्टिकचीही दुरुस्ती फुकट करून देण्याचं जाहीर केलं. पोरांनी आपटलेल्या वस्तूसाठी कुठली कंपनी असं करते? आपल्याकडे मात्र स्विच अधिकृतपणे विकायलाच आलेला नाही. ती सोय आपल्याला नाही, खर्च आपल्याच खिशातून. म्हणून चुकीचा सल्ला इथे जास्त महागात पडतो.

'ओरिजिनलच घ्या' म्हणजे तीच कार्बनची पट्टी पुन्हा विकत घ्या. पहिल्या दिवशी ती उत्तम चालेल, कारण ती अजून झिजलेली नाही. त्यात खरं ओरिजिनल ओळखायचं कसं? मी स्वतः एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून आणलेली जोडी उघडली तेव्हा आतलं सगळं नकली निघालं.

हॉल इफेक्ट नवं खूळही नाही. एडविन हॉल यांनी तो 1879 मध्ये शोधला. स्टिकच्या बुडाशी चुंबक, समोर सेन्सर. चुंबक हलला की क्षेत्र बदलतं आणि सेन्सरला दिशा कळते. मोजणाऱ्या भागात काही घासतच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच होतं, तो गेल्या शतकातला. रस्त्यावर धावणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा ॲक्सिलरेटरही सहसा याच तत्त्वावर चालतो. 2025 च्या स्विच 2 मध्ये कंपनीने हॉल इफेक्ट वापरला नाही, हे खरं. तो त्यांचा निर्णय. त्यावरून आपल्या हातातल्या जुन्या जॉयकॉनची पट्टी झिजायची थांबत नाही.

हॉल स्टिक अमर आहे असंही मी म्हणणार नाही. स्प्रिंग सैल होते, टोपीचं रबर गुळगुळीत होतं, स्टिक दाबल्यावर लागणारं बटण बिघडू शकतं. आणि अख्खा जॉयकॉन बदलणाऱ्या मोठ्या, दणकट पकडीच्या कंट्रोलरच्या वर्णनात 'हॉल' किंवा 'टीएमआर' (तेही चुंबकाचंच तंत्र) लिहिलंय का ते आधी वाचा. होरी कंपनीचा स्प्लिट पॅड प्रो हा असाच एक कंट्रोलर हाताला छान बसतो, पण त्यात कंपन नाही, हालचाल ओळखणं नाही आणि कन्सोलला जोडल्याशिवाय तो चालत नाही.

मी अख्खा जॉयकॉन न बदलता फक्त आतली स्टिक बदलून हॉलची बसवायला सांगेन. जॉयकॉनला सोल्डरिंग लागत नाही. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यांना वाय आकाराचा स्क्रू ड्रायव्हर हवा. झाकण एकदम ओढू नका, आतल्या पट्टीसारख्या वायरी तुटतात. आधी बॅटरीची पिन काढा. स्टिकची रिबन (चपटी वायर) ज्या खाचेत बसते तिची कडी नखाने हळूच वर करा. जोर लावलात तर ती मोडते आणि मग काम बोर्डापर्यंत जातं. जोडून झाल्यावर सेटिंगमध्ये स्टिकचं कॅलिब्रेशन (मधली जागा नव्याने ठरवणं) करायला विसरू नका, नाहीतर नवी स्टिकही सरकतेय असं वाटेल. स्विच लाइट असेल, ज्यात स्टिक कन्सोललाच कायमच्या जोडलेल्या असतात, तर अख्खा कन्सोल उघडावा लागतो, ते सराव नसताना घरी करू नका.

पुतणीच्या डाव्या जॉयकॉनची स्टिक आम्ही विश्रामबागेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर बदलली. स्क्रू तिनेच काढले.