व्हिडिओ जरूर साठवा, पण स्वतःचं अकाउंट पणाला लावून नको

नीटची, एमपीएससीची, बारावीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, तरी वाचा. वाचनालयात माझ्या टेबलापाशी हल्ली एकच प्रश्न वारंवार येतो: "मॅडम, व्हिडिओ डाऊनलोड करत होतो तर अकाउंटवर वॉर्निंग आली. आता बंद होईल का?"

आधी माझं मत सांगते. व्हिडिओ साठवून ठेवावासा वाटण्यात काहीही गैर नाही. मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. घाटाखालच्या वाड्यांतली मुलं इथल्या वायफायवर रात्रीपुरतं साठवून घेतात आणि शेवटची एसटी पकडतात. पावसाळ्यात लाईट गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतो, मग मोबाईलवर काही म्हणजे काही येत नाही. मुंबईला परीक्षेला निघालेल्या मुलाला कोकण रेल्वेत उजळणी करायची तर रत्नागिरीजवळचा एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. "ऑनलाइनच बघायचं" हे ज्याच्या घरी चोवीस तास नेट आहे त्याला सांगणं सोपं आहे. आमच्याकडच्या मुलांना साठवावंच लागतं.

प्रश्न आहे तो कसं साठवायचं याचा. आणि घाबरण्याआधी नेमका कोणता इशारा आला आहे ते नीट वाचायचं. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की मुलं ॲपच काढून टाकतात आणि साठवलेलं सगळं घालवून बसतात.

बरेचसे इशारे निव्वळ मर्यादेचे असतात, त्यात तुमच्यावर कसलाही आरोप नसतो. नेटफ्लिक्सचंच बघा. मोबाइल प्लॅन असेल तर डाऊनलोड एकाच उपकरणावर राहतात, स्टँडर्डमध्ये दोनवर, प्रीमियममध्ये सहावर. घरात नवा फोन आला आणि जुना तसाच कपाटात पडला असेल, तर नव्या फोनवर "जास्त उपकरणांवर डाऊनलोड आहेत" असा निरोप येतो. अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन जुना फोन यादीतून काढला की काम झालं. काही कार्यक्रम वर्षातून ठरावीक वेळाच उतरवता येतात. शेवटची संधी उरली की ॲप तसं सांगतं. जागा कमी पडते म्हणून तोच भाग पुसायचा आणि पुन्हा उतरवायचा, असं करत राहिलं की ही मर्यादा नकळत संपते. एका फोनवर एका वेळी शंभर डाऊनलोड बसतात, तेव्हा घाईने पुसायचं कारणही नसतं.

साठवलेल्या व्हिडिओला मुदत असते, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. हे वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकासारखं आहे: पुस्तक तुमच्या घरात असतं, पण तुमच्या मालकीचं होत नाही. व्हिडिओची फाइल फोनमध्ये कुलूपबंद असते आणि ते उघडणारी किल्ली वेगळी येते, तारीख घेऊन. अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये हे काम गुगलचं वाइडवाइन करतं, ॲपलच्या फोनवर फेअरप्ले. किल्लीची तारीख संपली की फाइल जागेवरच राहते पण उघडत नाही. स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलं की काळा पडदा येतो तोही याच व्यवस्थेमुळे, फोन बिघडलेला नसतो.

यूट्यूब प्रीमियमवर साठवलेलं चालू राहायला ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो. प्रीमियम नसेल तर आपल्याकडे काही व्हिडिओ ४८ तासांपुरते ठेवता येतात. ही सोय यूट्यूबने भारतात २०१४ च्या डिसेंबरमध्ये आणली, नेट धड नसलेल्या लोकांसाठीच आणली, आणि अजूनही कित्येकांनी ते बटण दाबून पाहिलेलं नाही. नेटफ्लिक्सवर काही भाग पहिल्यांदा सुरू केल्यापासून ४८ तासांत संपतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री "चालतंय का बघू" म्हणून उगाच प्ले करू नका. आणि ॲपमधून लॉगआऊट होऊ नका, बऱ्याच ॲपांत त्याने साठवलेलं सगळं जातं. फोनची तारीख मागे नेण्याचा उपाय मुलं एकमेकांना सांगतात. तो करू नका, घड्याळ जुळत नाही म्हणून ॲप चालूच व्हायला नकार देऊ शकतं.

आता खऱ्या धोक्याकडे येते. वेबसाइटवर लिंक चिकटवायची, व्हिडिओ बाहेर काढायचा, किंवा ब्राउझरला एखादं एक्स्टेंशन, म्हणजे वरून बसवायचं छोटं जोडसॉफ्टवेअर, जोडायचं, हे सगळे करतात. यूट्यूबच्या अटी स्पष्ट आहेत: यूट्यूबने स्वतः दिलेल्या सोयीशिवाय किंवा लेखी परवानगीशिवाय डाऊनलोड करायचं नाही. तरीही फक्त लिंक चिकटवेपर्यंत तुमचं नाव त्यात नसतं. गडबड पुढे होते. हल्ली यूट्यूब अशा साधनांना अडवतं आणि "तुम्ही बॉट नाही याची खात्री करण्यासाठी साइन इन करा" असा निरोप देतं (बॉट म्हणजे माणसाऐवजी आपोआप चालणारा प्रोग्राम). मग कुणीतरी सल्ला देतो की ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात याची ब्राउझरने जपलेली खूण, त्या साधनाला दे. कुकीज देणं म्हणजे उघडं असलेलं आपलं अकाउंट त्याच्या हातात देणं. त्यानंतर त्याने मिनिटामिनिटाला शेकडो मागण्या केल्या तर त्या तुमच्या नावावर जमा होतात. वायटी-डीएलपी हे या कामाचं सर्वांत प्रसिद्ध साधन. ते बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीत लिहून ठेवलं आहे की स्वतःचं अकाउंट जोडून वापरलं तर ते तात्पुरतं किंवा कायमचं बंद होऊ शकतं. साधन बनवणाराच सांगतोय, तर आपण ऐकायला हवं.

आणि कुठलं अकाउंट? बहुतेक मुलांकडे एकच असतं. परीक्षेच्या अर्जात दिलेला ईमेल तोच, हॉल तिकिटाचा निरोप येतो तोच, घरच्यांचे फोटो तिथेच, पासवर्ड विसरला तर परत मिळवायची वाटही तीच. ज्याच्यासाठी हे सगळं एखाद्या अनोळखी साइटकडे द्यावं असं लेक्चर मी तरी पाहिलेलं नाही. इशारा आला असेल तर आजच ती एक्स्टेंशन काढा, पासवर्ड बदला, अकाउंटच्या सुरक्षा पानावर जाऊन अनोळखी उपकरणं बाहेर काढा. मग काही दिवस सरळ ॲपवरच बघा. दुसरं अकाउंट काढून तोच उद्योग पुन्हा करायला मी कुणालाही सांगणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मी कोचिंगच्या ॲपांत पाहिलं आहे. त्यांची फी वर्षाची असते आणि आधी भरलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने आपला लॉगिन दोन मित्रांना दिला, त्यातल्या एकाने संगणकावर फोनचं सोंग करणारं सॉफ्टवेअर घालून लेक्चर उतरवायला घेतली. अशा ॲपांमध्ये व्हिडिओवर तुमचा मोबाईल नंबर तरंगत असतो तो शोभेसाठी नसतो, कॉपी कुणाच्या अकाउंटवरून निघाली ते त्यावरून कळतं. त्या मुलाचा प्रवेश परीक्षेच्या तोंडावर बंद झाला. फोन केला तर एकच ठरलेलं उत्तर. त्याच्या वडिलांनी आंब्याच्या पैशातून ती फी भरली होती. मुलाने अट मोडली हे खरं, पण एक ताकीद न देता पूर्ण वर्षाचा अभ्यास बंद करणं मला आजही पटत नाही. शिकवणाऱ्यांनी इतकं कठोर होऊ नये.

कायद्याबद्दलही विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी केलेल्या रास्त वापराला जागा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं: हक्काचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतूचा शब्द त्यात आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण मुलांनो, अकाउंट बंद करायला कंपनीला कोर्टात जावं लागत नाही. तुम्ही मान्य केलेल्या अटी तिला पुरतात. "कायद्याने चालतं" म्हणून गेलेला लॉगिन परत येत नाही.

अमेरिकेत १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बेटामॅक्स रेकॉर्डरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टेप करून ठेवणं हा रास्त वापर आहे. माणसाला आपल्या वेळेने बघायचं असतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा मान्य झाली होती. आता टेप नाही, कॅसेट नाही, आणि ती वेळ ठरवायचा अधिकार ॲपकडे गेला आहे. हे मला खटकतं, आणि कंपन्यांनी यावर विचार केला पाहिजे. महिनोन् महिने समुद्रावर असणारे खलाशी आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. पैसे भरून घेतलेल्या माणसाला महिन्यातून एकदा नेटवर येऊन हजेरी द्यायला लावणं त्यांच्यासाठी योग्य नाही. निदान साठवताना, बटणाच्या शेजारीच, हे कोणत्या तारखेला बंद होईल ते मराठीत ठळक लिहा. कोचिंगवाल्यांनी तर परीक्षेच्या दिवसापर्यंतची मुदत द्यावी, फी त्यासाठीच घेतलेली असते.

तोपर्यंत, ज्यांनी दरवाजा उघडा ठेवला आहे त्यांच्याकडे आधी जा. एनपीटीईएल या मोफत अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत आणि ती त्यांच्याच साइटवरून उतरवता येतात. दीक्षा ॲपमध्ये शालेय पाठ ऑफलाइन ठेवायची सोय आहे. नेटच नसेल तर स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या २०१७ पासून डीटीएचवर चालू आहेत, डीडी फ्री डिशच्या छत्रीवर त्या मिळतात, आणि आमच्या वाड्यांत त्या छत्र्या बऱ्याच घरांवर आहेत. खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संस्थेचे धडे कोलिब्री नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून नेटशिवाय एका संगणकावरून अख्ख्या वर्गाला दाखवता येतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी हे जरूर बघावं, हवी ती मदत मी करेन.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. तुम्ही स्वतः यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची तुमच्याकडची प्रत हरवली असेल तर बाहेरच्या साइटला लिंक देऊ नका. यूट्यूब स्टुडिओतून तो परत उतरवता येतो, आणि सगळेच हवे असतील तर गुगल टेकआउटमधून मागवता येतात. तसंच, तुमच्या मुलांनी ते साठवून वाटावेत असं वाटत असेल तर वर्णनात तसं स्पष्ट लिहा आणि मूळ फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या. तुमची परवानगी असली की मुलांना आडवाटेने जावं लागत नाही.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी निघायच्या आदल्या दिवशी फोन घेऊन वाचनालयात या. कोणत्या ॲपमध्ये मुदत कुठे दिसते, जुनी उपकरणं कुठून काढायची, ते मी बसून दाखवते. वायफाय संध्याकाळी सातपर्यंत चालू आहे. चार्जर मात्र आपापला आणा.