खुलासा : 'घोट्याचं हाड बसवलं की पाय पुन्हा मुरगळत नाही' हे खरं नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या एका व्हिडिओचा तुकडा सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. पट्टा लावून मी पेशंटचा घोटा हलवतेय आणि खाली लिहिलंय : 'सरकलेलं हाड एका बैठकीत जागेवर, पाय कायमचा पक्का.' ती ओळ माझी नाही. पण व्हिडिओत मी नीट सांगितलं नव्हतं, ही चूक माझीच.

त्या घोट्याचं हाड सरकलेलं नव्हतंच. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यात बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडं एकमेकांशी बांधणारे पट्टे, लिगामेंट) सैल पडलेले असतात, तोल सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात आणि बऱ्याच जणांचा सांधा पुढे वाकताना अडतो. हाताने सांधा हलवण्याच्या उपचाराने हा अडथळाच तेवढा सुटतो. भिंतीसमोर टाच न उचलता गुडघा टेकवून बघा. उपचारानंतर पाऊल भिंतीपासून आणखी थोडं मागे ठेवूनही तो टेकतो. २०१२च्या एका छोट्या अभ्यासात असा घोटा असलेल्या १२ जणांना दोन आठवड्यांत हाताच्या उपचाराच्या सहा बैठका दिल्या. हालचाल आणि तोल सुधारला, आठवड्याने टिकलाही. पण पुढची तपासणी तेवढ्यावरच थांबली होती. आणि 'कट्' आवाज? तो सांध्यातल्या वायूचा, हाड बसल्याचा नव्हे.

सैल अस्थिबंध हाताने घट्ट होत नाहीत. मुरगळणं कमी होतं ते एका पायावर उभं राहण्याच्या आणि रबरी पट्ट्याच्या कंटाळवाण्या व्यायामाने, तोही कित्येक आठवडे. नुकत्याच मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर कुणाकडूनही पाय ओढून घेऊ नका, आधी एक्स-रे.

तो तुकडा कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.