बादलीची परीक्षा

“तुम्ही काय करता?” असं लग्नात कुणी विचारलं की “पशुखाद्याच्या संशोधनात आहे” हे उत्तर देऊन बघावं. पाहुणे त्यातलं ‘संशोधन’ सोडून देतात आणि सरकी पेंडीचा भाव विचारतात. एका अर्थी बरोबरच आहे. आमचं काम आचाऱ्याचं. फक्त इथं जेवणारी बोलत नाही, पैसे देणारा जेवत नाही आणि मेनू संगणक ठरवतो.

संगणकाला मका, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, मळी यांचे आजचे भाव नि पोषणमूल्यं द्यायची, की तो सगळ्यात स्वस्त मिश्रण काढून देतो. त्याला गाय दिसत नाही, भाव दिसतो. नुसतं ‘प्रोटीन 20 टक्के’ मागून बाकीच्या अटी घालायला विसरा, तो आनंदाने 98 किलो डीओआरबी, म्हणजे तेल काढलेला भाताचा कोंडा, आणि 2 किलो युरिया लिहून देईल. हिशेब चोख! युरियात 46 टक्के नायट्रोजन, त्याला 6.25 ने गुणलं की 287 टक्के प्रोटीन. शंभर किलोत दोनशे सत्याऐंशी किलो. हा चमत्कार प्रोटीन मोजायच्या क्येल्डाल पद्धतीचा. ती 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत निघाली. ती फक्त नायट्रोजन मोजते, तो पेंडीतला की खताच्या गोणीतला हे विचारत नाही. म्हणून युरियाला 1 टक्क्याचं कुंपण घालावं लागतं. कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पोटाच्या चारा आंबवणाऱ्या कप्प्यातले, जंतू युरियाचं प्रोटीन करतात, पण त्यांना हाताशी मळी-मक्याची ताकद लागते. युरिया जास्त झाला की अमोनिया रक्तात जातो आणि गाय आडवी होते.

कागदावरचं जमलं की गिरणी. भरड्यात मळी मिसळायची, वाफेनं 75-80 अंशांपर्यंत तापवायचा आणि 8 मिलिमीटर भोकांच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबून कांडी काढायची. मळी वाढवली की गाय खूश, पण डाय चोंदते. या वाफेनं ओलावा तीन-चार टक्के वाढतो, तो कूलरमध्ये घालवायचा असतो. पण रात्रपाळीला टन मोजायचे असतात, ओलावा नव्हे. गरम कांडी पोत्यात जाते, पोतं आतून घामाघूम होतं आणि आठवड्याभरात कांडीला हिरवी मिशी फुटते. ओलावा 11 टक्क्यांच्या आत हवा, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. बुरशीलाच तेवढं वाचता येत नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. कांडीचा टिकाऊपणा तपासायला 500 ग्रॅम कांडी डब्यात घालून मिनिटाला 50 फेऱ्यांनी दहा मिनिटं गरगर फिरवतात. ती टिकली की आम्ही एकमेकांना टाळी देतो. शेतकऱ्याची परीक्षा उलटी! तो मूठभर कांडी बादलीत टाकतो आणि काठी फिरवत बसतो. पाच मिनिटांत विरघळली नाही तर, “साहेब, सिमेंट घातलंय का?” मऊ केली तर पोत्याच्या तळाशी भुकटी, “साहेब, पीठच द्यायचं होतं तर कांडीचे पैसे कशाला?” म्हणजे एकाच कांडीनं हमालाचा लोखंडी आकडा सोसायचा आणि बादलीत पडल्यावर लाजून विरघळायचं.

खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून. कोटीपोटातल्या जंतूंना सवय लागायला वेळ हवा. हे पोत्यावर छापलेलं असतं. आदल्या रात्री गाईनं गावजेवणातला उरलेला भात बादलीभर खाल्लेला असतो. सकाळी पातळ शेण. आरोपी: नवीन पोतं. दूध संकलन केंद्रावर फॅट 3.5 च्या खाली गेलं तरी आरोपी तोच. फॅट टिकवणारा कडबा संपून आठवडा झाला, हे चौथ्या चहाला कळतं.

मग आमचा खरा प्रयोग सुरू होतो. शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवायचं. मक्याचे अख्खे दाणे वर राहिले, तर भरडायच्या यंत्राची जाळी फाटलेली. लाखोंच्या उपकरणांचा अहवाल दोन दिवसांनी येतो, चाळणीचा दोन मिनिटांत. फक्त ती स्वयंपाकघरातून आणलेली असेल तर वहिनींना आधी सांगावं.

शेवटी घमेलं गव्हाणीत. मालक, डीलर, गिरणीचा माणूस, सगळे श्वास रोखून उभे. गाय हुंगते, फुर्रर्र करून अर्धी कांडी मालकाच्या धोतरावर उडवते आणि शेजारणीच्या गव्हाणीतला कडबा ओढू लागते.