प्राध्यापकाने बँक का सांभाळावी?

शिक्षण, वित्त आणि सार्वजनिक धोरण या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या माणसाविषयी 'हा एका जागी टिकत नाही' असा शेरा आम्हा अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांच्या वर्तुळात मी अनेकदा ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी मला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवतात.

सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ते १९३० मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. रावबहादूर काळे यांच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेने वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च तपासला, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष किती लाभ झाला, हेही मोजले. कालव्यांचा हा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांतच त्याच प्रवरेच्या पट्ट्यात, लोणीला, सहकारी साखर कारखाना सुरू झाला. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवण्याचे कष्ट विठ्ठलराव विखे पाटलांचे होते. पहिले अध्यक्ष मात्र गाडगीळ होते. ज्या भागाचा हिशेब कागदावर मांडला, त्याच भागातील शेतकऱ्यांच्या पैशाची जबाबदारी त्यांनी शिरावर घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे राज्य सहकारी बँकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे, हे या समितीने १९५४ मध्ये दाखवून दिले आणि कर्जाची सांगड पिकाशी व त्याच्या विक्रीशी घालण्याची शिफारस केली. गावच्या सहकारी पतपुरवठा सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते, त्यामागचा विचार हाच आहे. जमीन गहाण टाकण्यापेक्षा उभ्या पिकाच्या भरवशावर कर्ज देणे शेतकऱ्याच्या सोयीचे ठरते, ही जाण मला त्यात दिसते.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटताना लोकसंख्येला ६० टक्के वजन देणारे त्यांचे सूत्र परीक्षेसाठी आजही पाठ केले जाते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या अभ्यासगटाचा १९६९ चा अहवाल, कारण बँकांनी विशिष्ट भौगोलिक क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवून काम करावे, या त्याच्या आग्रहातूनच जिल्ह्यातील पतपुरवठ्याच्या समन्वयाची जबाबदारी एका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. आज प्रत्येक जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा याच चौकटीत तयार होतो.

धोरण सुचवणाऱ्या आजच्या संस्थांत बुद्धिमान तरुण भरपूर आहेत, पण थकबाकीच्या यादीवर सही करण्याची वेळ त्यांच्यापैकी फार थोड्यांवर आलेली असते. अशा संस्थांनी आपल्या संशोधकांना निदान दोन वर्षे जिल्हा बँकेत किंवा एखाद्या मोठ्या सोसायटीत जबाबदारीच्या पदावर पाठवावे, त्या काळाची सेवाज्येष्ठता कायम राखावी आणि पदोन्नतीच्या वेळी हा अनुभव शोधनिबंधाइतकाच ग्राह्य धरावा, असे माझे ठाम मत आहे.