साठ ठिपक्यांची दृष्टी

भविष्यातल्या तंत्रज्ञानावर दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायला घेणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. यंत्र काय करतं ते नंतर बघा, ते कुठे अडतं ते आधी शोधा. चमत्काराचं नवल पहिल्या मिनिटात ओसरतं आणि मग नऊ मिनिटं पात्रांना बोलत बसावं लागतं. अडचण असली की माणसाला उठून काहीतरी करावं लागतं. गोष्ट तिथून सुरू होते.

क्वांटम कॉम्प्युटर घ्या. आपल्याकडच्या फिल्ममध्ये तो म्हणजे सोनेरी झुंबर, त्यावर निळा उजेड आणि समोर हात बांधून उभा असलेला शास्त्रज्ञ. ते झुंबर हा मुळात फ्रीज आहे. चिप त्याच्या तळाशी असते, नखाएवढी, आणि तिला 10 ते 15 मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे 273 अंश सेल्सिअसपर्यंत, थंड ठेवावं लागतं. त्यासाठी झुंबरावर एकात एक असे डबे चढवून आतली हवा काढून घेतात. म्हणजे मशीन चालू असताना बाहेरून दिसतं ते छताला टांगलेलं पिंप. झुंबर दिसतंय याचा अर्थ मशीन उघडलेलं आहे, बंद आहे! आणि त्या खोलीत शांतताही नसते. थंड करणाऱ्या पंपाचा सेकंदाला साधारण एकदा ‘चुक्... चुक्...’ असा आवाज अखंड चालू असतो. आत एखादं कनेक्शन सैल निघालं तर सगळं आधी खोलीच्या तापमानाला आणायचं, उघडायचं, नीट करायचं, परत थंड करायचं. यात दिवसच्या दिवस जातात. उद्या सादरीकरण आहे आणि आज रात्री कनेक्शन सैल झालंय, यावर अख्खी फिल्म उभी राहते. साऊंड डिझाइनही तो पंप फुकट देतो.

आवाजावरून आठवलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. विषय आपल्या दारातला आहे, त्यावर फिल्म व्हायलाच हवी. पण गुरुत्वीय लहर, म्हणजे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळण्यासारख्या घटनेतून अवकाशातच उठणारा तरंग, दाखवताना अंतराळात स्फोटाचा धडाका टाकू नका. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगोने पकडलेला पहिला संकेत जेमतेम 0.2 सेकंदाचा होता, साधारण 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेलेला. तो तसाच स्पीकरवर लावला तर हलकी ‘धुप्’ ऐकू येते. मोबाइलवर बघणाऱ्याला तेवढीही येणार नाही, कारण फोनचा चिमुकला स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. संशोधकांनीही लोकांना ऐकवताना मूळ आवाजाबरोबर स्वर वर सरकवलेला आवाज दिला होता. तुम्हीही दोन्ही ठेवा. अंतिम मिक्स हेडफोनवर आवडलं म्हणून खूश होऊ नका, साध्या फोनवर ऐकून मगच पुढे पाठवा.

होलोग्रामचं थोडक्यात सांगतो. रिकाम्या हवेत चित्र तरंगत नाही, प्रकाशाला आपटायला काहीतरी लागतं. स्वस्तात करायचं तर पारदर्शक अॅक्रिलिक शीट 45 अंशात उभी करा, खाली मॉनिटर, मागे काळं कापड. शीट 3 मिमी जाडीची असेल तर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येतं आणि कडा दुहेरी दिसतात, म्हणून मिळेल तितकी पातळ घ्या. आणि 24 फ्रेमवर शूट करणार असाल तर शटर 172.8 अंशांवर ठेवा, नाहीतर 50 हर्ट्झच्या विजेवरचे दिवे फ्रेममध्ये लपलपतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. कृत्रिम दृष्टी.

पडद्यावर ती नेहमी एकाच पद्धतीने येते: पट्टी सुटते, धूसर चित्र स्वच्छ होतं, आईचा चेहरा दिसतो. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीच्या आर्गस 2 या यंत्राला एफडीए या तिथल्या सरकारी औषध-उपकरण नियामक संस्थेने 2013 मध्ये मान्यता दिली. चष्म्यावर कॅमेरा, वायरने जोडलेला कमरेचा प्रोसेसर आणि डोळ्याच्या आत रेटिनावर (मागच्या पडद्यावर) 60 इलेक्ट्रोड, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्याने प्रकाशाचा ठिपका दाखवणारी टोकं, 6 आडव्या ओळी आणि 10 उभ्या रांगांत. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. दिसायचं काय? दाराची उजळ चौकट, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, समोरून कुणीतरी गेल्याची हालचाल. चेहरा नाही. तरीही पूर्ण अंधारातल्या माणसाला ते हवं होतं. 2019 मध्ये कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवलं आणि 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, फोन उचलणारं कुणी नाही. यंत्र मात्र लोकांच्या डोळ्यांत तसंच राहिलं. माझ्या मते या विषयावर याहून मोठी गोष्ट नाही, आणि ती सांगायला एका घरापलीकडे काही लागत नाही.

समजा, असं यंत्र डोळ्यात असलेली एक बाई आहे. तिच्या नजरेतून शॉट घ्यायचा तर फुलफ्रेम कॅमेऱ्यावर 100 ते 120 मिमीची लेन्स लावा, कारण तिला साधारण 20 अंशांचाच तुकडा दिसतो. कॅमेरा चष्म्यावर आहे, म्हणजे बुबुळं फिरवून काही उपयोग नाही, मान फिरवावी लागते. म्हणून कॅमेरा स्थिर धरू नका, डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवा. एडिटमध्ये रंग काढा, कॉन्ट्रास्ट वाढवा, फ्रेम 10 बाय 6 पिक्सेलपर्यंत लहान करा आणि परत मोठी करताना चांगली ब्लर करा. इथे हमखास चूक होते ती चौकोनी, रेखीव ठिपके ठेवण्याची. रुग्णांनी वर्णन केलेले ठिपके फराटे ओढल्यासारखे लांबट, फिसकटलेले होते. पाच-सहा ठिपके कायमचे बंदच ठेवा.

रोज संध्याकाळी दारात एक पांढुरका पट्टा हलतो आणि ती ओळखते, मुलगा आला. हा शॉट आधी दोनदा येऊ द्या. मग चष्म्याच्या दांडीजवळ वायर तुटते. वायर साधी आहे, पण ती बदलून देणारं जगात कुणी उरलेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी पडदा काळाच ठेवा आणि आवाज तसाच चालू द्या: कडी, चप्पल काढल्याचा आवाज, पिशवी खाली ठेवल्याचा. निदान आठ सेकंद. एडिट टेबलवर फार लांब वाटतील, पण कापू नका.