‘पेन ड्राइव्ह लावा, झालं काम’ या प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच मशिनवर अनेक आभासी मशिनं चालवणारी सिस्टिम) टाकण्यावरच्या लेखात मी सिस्टिम ड्राइव्हसाठी कंपन्यांच्या सर्व्हरांकरता बनलेली, वापरलेली एसएसडी सुचवली होती. त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘घरच्या सर्व्हरच्या सिस्टिम ड्राइव्हसाठी सेकंडहँड एंटरप्राइझ एसएसडी सांगणं म्हणजे निव्वळ मिरवणं. आमच्या कंपनीत ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची तशीच सिस्टिम) वर्षानुवर्षं पेन ड्राइव्हवर चालला. बिघडलंच तर अर्ध्या तासात परत इन्स्टॉल करा, नाहीतर दोन ड्राइव्हवर एकच डेटा ठेवून मिरर करा. आधी अनुभव घ्या, मग लिहा. की तुमचं दुकान आहे?’

मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पण ‘आधी अनुभव घ्या’? डीटीपीच्या फायली फ्लॉपीवरून इकडून तिकडे जायच्या तेव्हापासून मी नारायण पेठेतल्या छापखान्यांची मशिनं उघडतोय. ऐन दिवाळी अंकाच्या घाईत बसलेली हार्ड डिस्क आणि मानेवर श्वास टाकत उभा असलेला मालक, हा अनुभव हिंजवडीच्या एसीत बसून मिळत नाही. (हिंजवडीत असल्याचं आपण म्हटलेलं नाही. सुरावरून ओळखलं.)

‘पेन ड्राइव्हवाल्यांनो, सावधान’ हे माझ्या लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, एवढं मान्य. बदलतो.

आता तुमचा ईएसएक्सआय. चालायचा, खरंय. सहाव्या आवृत्तीपर्यंत तो बूट होताना रॅममध्ये जाऊन बसायचा आणि मग पेन ड्राइव्हला फारसा हात लावायचा नाही. 2020 मध्ये सातवी आवृत्ती आली, बूट डिस्कवरची पार्टिशनं बदलली, लिहिणं वाढलं. एसडी कार्डं आणि पेन ड्राइव्ह माना टाकायला लागल्यावर खुद्द व्हीएमवेअरनेच नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका म्हणून सांगितलं. तुमच्या कंपनीत हे कळवलं नसेल कुणी.

आणि माझा लेख प्रॉक्समॉक्सवर होता! तो मुळात डेबियन लिनक्स. लॉग, आलेखांचे आकडे, सगळं कॉन्फिगरेशन ठेवणारी एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल, असं बारीक बारीक लिहिणं रात्रंदिवस चालू असतं. पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपवर जुनं जागच्या जागी खोडून लिहिता येत नाही. पुसायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि दर पुसण्याला तो झिजतो. साध्या पेन ड्राइव्हचा कंट्रोलर ही झीज नीट वाटून घेत नाही. बहुतेकांत स्मार्टची (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहितीही मिळत नाही, त्यामुळे जाताना कुरकुरसुद्धा न करता जातो.

मग साधी नवी एसएसडी का नको? झीज हे कारण नाहीच. सॅमसंग 870 ईव्हीओच्या 250 जीबी ड्राइव्हला पाच वर्षं किंवा 150 टीबी लिहिणं, जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी आहे. रोज 30 जीबी लिहिले तरी 150 टीबी गाठायला तेरा वर्षं लागतात. कारण आहे वीज. वळवाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे धायरीत लाइट जाते, इन्व्हर्टर ‘टक्’ करतो आणि तेवढ्यात सर्व्हर रीबूट झालेला असतो. (इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका असेल तर तो टाका. बऱ्याच घरांत तो कुणी पाहिलेलाही नसतो.) त्या क्षणी साध्या एसएसडीच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) जे होतं, ते गेलं. इंटेलची जुनी एंटरप्राइझ एसएसडी डीसी एस3500 उघडून बघा, बोर्डवर कपॅसिटर दिसतील. वीज तुटल्यावर कॅशमधलं फ्लॅशवर उतरवण्यापुरता दम त्यांच्यात असतो. म्हणूनच डेटाबेस किंवा झेडएफएस (एक फाइल सिस्टिम) ‘नक्की लिहिलंस ना?’ असं विचारतं तेव्हा ती बिनधास्त लगेच हो म्हणते. साध्या ड्राइव्हला दर वेळी फ्लॅशपर्यंत जाऊन यावं लागतं, आणि तिथेच ती रखडते.

याला तुम्ही मिरवणं म्हणता. अहो, ड्राइव्ह कॅबिनेटच्या आत असते. मिरवू कुणापुढे, पालीपुढे?

अर्ध्या तासात परत इन्स्टॉल होतं, होतंच. पण तो बॅकअपचा विषय झाला. मिररचं नंतर कधीतरी बघू.

दुकान नाही माझं. वापरलेली ड्राइव्ह कुठूनही घ्या, फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून smartctl या स्मार्टची माहिती वाचणाऱ्या कमांडचं पूर्ण आउटपुट मागवा आणि झिजेचा आकडा बघा. नुसता ‘हेल्थ ओके’चा फोटो पाठवणाऱ्याला नमस्कार करा. तुम्हाला अर्थात त्याची गरज नाही, तुमचा पेन ड्राइव्ह आहेच.